पडणार हे माहीत असून उभं कशाला राहायचं? : वाचकांचे प्रश्न, ताईची उत्तरं

प्रश्न (अंबाजोगाईहून एक वाचक): ताई नमस्कार. माझा भाचा न्यूयॉर्क राज्यात नोकरीला हाय, तो फोनवर सांगत होता की तिकडं एक ट्रकमधला माल उतरवणारा माणूस पर्यावरणाच्या मुद्द्यावर तीनदा गव्हर्नरला उभा राहिला अन् तीनदा पडला, तरी लोक अजून त्याचं नाव काढतेत. मला दोन गोष्टी कळंनात. गव्हर्नर निवडून कसा येतो, आपले राज्यपाल तर दिल्लीहून नेमून येतेत? अन् पडायचंय हे पक्कं माहीत असून माणूस उभा कशाला राहतो?

उत्तर: भाऊ, पहिला प्रश्न आधी उरकून टाकते. तिकडचा गव्हर्नर म्हणजे आपला मुख्यमंत्री समजा, फक्त आमदारांनी बसवलेला नाही, लोकांनी थेट मतं देऊन बसवलेला. ५० राज्यं, ५० गव्हर्नर, बहुतेक ठिकाणी ४ वर्षांची मुदत. राज्याचं बजेट, प्रदूषणाचं खातं, खोदकामाची परवानगी हे सगळं त्याच्या हाताखाली येतं, त्यामुळं पर्यावरणावर बोलायचं तर त्याच खुर्चीसाठी भांडायला पाहिजे हे बरोबरच आहे.

आपले राज्यपाल राष्ट्रपती नेमतात. पण मराठवाड्याच्या माणसानं त्यांना नुसते झेंडावंदनाचे पाहुणे समजू नये बरं का. घटनेचं कलम ३७१(२) बघा, त्यात विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी वेगळी विकास मंडळं आणि पैशाचं समन्यायी वाटप ही महाराष्ट्राच्या राज्यपालांची खास जबाबदारी म्हणून येते. त्यावरून १९९४ मध्ये मंडळं झाली, अनुशेषाची आकडेमोड सुरू झाली आणि ३० एप्रिल २०२० ला मुदत संपली. किती जणांच्या लक्षात आहे ही तारीख? आणि या कारणासाठी आपण कुणाला पाडूही शकत नाही, राज्यपालांना आपली मतं लागतच नाहीत.

आता तो माणूस. भाच्यानं सांगितलेला बहुतेक हॉवी हॉकिन्स असणार, सिरॅक्यूस शहरातला, ग्रीन पार्टीचा, यूपीएस या पार्सल कंपनीत रात्रपाळीला ट्रक भरायचा-उतरवायचा. २०१०, २०१४ आणि २०१८ असा तीनदा उभा राहिला. २०१० ला जवळपास ६० हजार मतं पडली, टक्क्यात बघायला गेलं तर दीडसुद्धा नाही. पण तिथं तेव्हा नियम असा होता की गव्हर्नरच्या निवडणुकीत ५० हजार मतं मिळाली की पुढची ४ वर्षं त्या पक्षाचं नाव मतपत्रिकेवर आपोआप, दरवेळी सह्या गोळा करत हिंडायला नको. म्हणजे पडला खरा, पण जे मिळवायला उभा होता ते मिळवून पडला. ज्या ‘ग्रीन न्यू डील’वर (हवामान बदल रोखायचा आणि त्यातूनच लोकांना कामं द्यायची, असा सरकारी कार्यक्रम) नंतर २०१९ ला अमेरिकेच्या संसदेत ठराव मांडला गेला तोच विषय याच्या २०१० च्या प्रचारात होता.

खरा मुद्दा २०१४ चा. न्यूयॉर्कच्या जमिनीखाली खडकात गॅस अडकलेला आहे आणि तो काढायचा तर पाणी, वाळू आणि रसायनं प्रचंड दाबानं खाली सोडून खडक फोडावा लागतो, याला फ्रॅकिंग म्हणतात, एकेका विहिरीला लाखो लिटर पाणी लागतं आणि ते पाणी वर येतं तेव्हा पिण्यालायक तर सोडाच, टाकायचं कुठं हाच प्रश्न होऊन बसतो. तेव्हाचे गव्हर्नर अँड्र्यू कुओमो, डेमोक्रॅटिक पक्षाचे, काही वर्षं ‘अभ्यास चालू आहे’ म्हणत होते. (हे वाक्य आपल्यालाही ओळखीचं आहे.) हॉकिन्सचं म्हणणं एका ओळीचं होतं, बंदी घाला. नोव्हेंबरात मतदान झालं, कुओमो आरामात निवडून आले, हॉकिन्सला १ लाख ८४ हजारांवर मतं, जवळपास ५ टक्के. आणि १७ डिसेंबरला, म्हणजे दीड महिन्याच्या आत, राज्य सरकारनं फ्रॅकिंगवर बंदी जाहीर केली.

आता लगेच टाळ्या वाजवू नका. बंदी काही एकट्या हॉकिन्समुळं आली नाही. त्याच वर्षी डेमोक्रॅटिक पक्षाच्या आतल्या निवडणुकीत झेफिर टीचआउट या कायद्याच्या प्राध्यापक बाईंनी कुओमोंसमोर उभं राहून साधारण एक तृतीयांश मतं घेतली, त्यांचाही फ्रॅकिंगला विरोध. त्याआधी ड्रायडन नावाच्या छोट्या गावानं आपल्या हद्दीत हे चालणार नाही असा ठराव केला, कंपनी कोर्टात गेली आणि जून २०१४ ला राज्याच्या सगळ्यात वरच्या कोर्टानं गावाच्या बाजूनं निकाल दिला. शिवाय आरोग्य खात्याचा अहवालही बंदीच्याच बाजूनं होता. आणि हॉकिन्सची सगळी मतं काही पाण्याची नव्हती, सरकारवर चिडलेल्या शिक्षकांचीही त्यात होती.

तरीपण माझं मत विचाराल तर उभं राहण्याचा उपयोग झाला, कारण त्याची मागणी अशी होती की तिला हो किंवा नाही एवढंच उत्तर देता येतं. ‘पर्यावरण वाचवा’ म्हणलं असतं तर कुओमोंनीही व्यासपीठावर येऊन हात वर केला असता आणि विषय संपला असता.

---

प्रश्न (परभणी जिल्ह्यातून एक काकू): आमचा पुतण्या एमएस्सी झालाय, नोकरी सोडून आलाय अन् विधानसभेला अपक्ष उभा राहतो म्हणायलाय. पाण्याचा मुद्दा, उसाचा मुद्दा, झाडाचा मुद्दा, सगळंच. जाऊबाई रडायल्यात, डिपॉझिट जप्त होईल अन् गावात तोंड दाखवायला जागा राहणार न्हाई म्हणून. त्याला काय सांगावं?

उत्तर: काकू, जाऊबाईंना आधी पाणी द्या आणि सांगा की डिपॉझिट जाण्यानं कुणाची इज्जत जात नाही, ते बहुतेकांचं जातंच. विधानसभेला १० हजार भरावे लागतात (अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५ हजार), आणि पडलेल्या वैध मतांच्या एक षष्ठांशपेक्षा जास्त मतं मिळाली नाहीत तर ते सरकारजमा. अपक्षाला त्याच मतदारसंघातले १० सूचक लागतात, मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एकच पुरतो, म्हणून पुतण्याला सांगा १० सह्यांवर थांबू नकोस, एखाद्याचं नाव यादीत सापडलं नाही की छाननीतच घरी बसशील.

भीती बाळगायची तर हिशोबाची बाळगा. निवडणुकीसाठी बँकेत वेगळं खातं उघडायचं, खर्च त्यातूनच करायचा, आणि निकालानंतर ३० दिवसांच्या आत हिशोब द्यायचा. दिला नाही तर निवडणूक आयोग ३ वर्षांपर्यंत अपात्र ठरवू शकतो. खर्चाची मर्यादा ४० लाखांची आहे, त्याचे ४० हजारही होणार नाहीत हे मला माहितीय, पण ४० हजारांचाही कागद लागतो. हौशी उमेदवार निकाल लागला की कंटाळून घरी बसतात आणि इथंच फसतात.

आता मुद्द्याचं. पाणी, ऊस, झाडं, सगळंच असं म्हणलं की काहीच नाही असं होतं. त्याला म्हणावं एक धर. आपल्याकडं विषयांची काय कमी आहे! जायकवाडीचंच घ्या. १५ ऑक्टोबरला नाथसागरात, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयात, ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असला तर नगर-नाशिकच्या वरच्या धरणांतून पाणी सोडायचं, हे जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशात आहे, २०१६ ला हायकोर्टानंही समन्यायी वाटपाची बाजू उचलून धरली. तरी दर तुटीच्या वर्षी भांडण नव्यानं सुरू होतं. मग प्रत्येक पक्षाच्या उमेदवाराला भर सभेत विचारायचं, तुमच्या पक्षाचे वरच्या भागातले आमदार विरोध करतील तेव्हा तुम्ही कुणाकडं उभे राहणार? नाव घेऊन विचारायचं.

किंवा उसाचं घ्या, पण ते धरायला छाती लागते. २०१७ मध्ये सरकारनं उसाला ठिबक सक्तीचं करायचं ठरवलं होतं, आज शिवारातून एक चक्कर मारा आणि पाटानं भिजणारा ऊस किती दिसतो ते बघा. भूजल कायद्यात ६० मीटरच्या खाली बोअर नको असं लिहिलंय आणि इकडं ७००-८०० फुटांचा बोअर घेतल्याचं लोक कौतुकानं सांगतात. एप्रिल २०१६ ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, पहिल्या गाडीत १० वाघिणी, ५ लाख लिटर. त्याच पट्ट्यात साखर कारखाने किती आहेत ते मोजायला बोटं पुरत नाहीत. पण पुतण्याच्या स्वतःच्या घरी ऊस असंल तर पहिला प्रश्न त्यालाच येणार, आणि तो यायलाच पाहिजे. घरचं ठिबक आधी करून मग माईक हातात घ्यावा.

अजून एक, त्याला आवडणार नाही पण सांगते. विधानसभाच कशाला? १०० हेक्टरपर्यंत सिंचन होणारे तलाव-बंधारे जिल्हा परिषदेकडं असतात, गावच्या पाणीयोजना असतात, आणि गट लहान असल्यामुळं हजार-दोन हजार मतांनी तिथं निकाल फिरतो. आमदारकीला उभं राहिलं की पेपरात फोटो येतो हे खरं, खिशातून चिल्लरची पिशवी काढून डिपॉझिट भरलं तर पहिल्या पानावरसुद्धा येतो, पण फोटोनं तलावातला गाळ निघत नाही. तरी त्यानं ठरवलंच असंल तर आडवं पडू नका. १० सूचकांत पहिली सही तुमची करा.

---

प्रश्न (लातूरहून एक वाचक): अशा अपक्षाला मत म्हणजे वाया घालवणंच की. त्याच्यापेक्षा नोटा दाबलेला काय वाईट?

उत्तर: मतं खाण्याची भीती खोटी नाही. अमेरिकेतच २००० साली राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत फ्लोरिडात रिपब्लिकन पक्षाचे बुश डेमोक्रॅटिक पक्षाच्या अल गोर यांच्यापेक्षा अवघ्या ५३७ मतांनी पुढं राहिले आणि ग्रीन पार्टीच्या राल्फ नेडर यांना तिथं ९७ हजारांवर मतं पडलेली. ती मतं एरवी गोर यांना गेली असती का, यावरून अजून भांडणं चालू आहेत. म्हणून लढत घासून असंल तर दोनदा विचार करा, एकतर्फी असंल तर बिनधास्त द्या.

नोटाचं म्हणाल तर लातूरकरांना मी काय सांगणार. २०१९ ला लातूर ग्रामीणमध्ये नोटा चक्क दुसऱ्या नंबरवर होता, २७ हजारांवर मतं! निवडून आलेल्याला लाखावर मतं होती त्यामुळं निकालाला काही धक्का लागला नाही, आणि नोटा पहिला आला असता तरी विधानसभेला दुसऱ्या नंबरचा उमेदवारच आमदार झाला असता. महापालिका-नगरपालिकेला वेगळं आहे, तिथं राज्य निवडणूक आयोगानं २०१८ ला ठरवलंय की नोटा सगळ्यात वर आला तर फेरनिवडणूक.

पण त्या २७ हजार लोकांना नेमकं काय नको होतं? उमेदवार, युती, जागेची सौदेबाजी, की नळाला आठ-दहा दिवसांनी येणारं पाणी? ज्यानं त्यानं आपल्या सोयीचा अर्थ काढला आणि पुढं गेले. हीच मतं ‘६० मीटरच्या खाली बोअर बंद’ म्हणणाऱ्या एखाद्या अपक्षाला पडली असती तर पुढच्या निवडणुकीत मोठ्या पक्षाच्या माणसाला त्याच्या दारात जाऊन बसावं लागलं असतं, जाहीरनाम्यात एक ओळ तरी घालावी लागली असती. मग ती ओळ पाळली का म्हणून तुम्ही त्याची कॉलर धरायला मोकळे.