दोन पानी पत्रात गाण्याचं नावच नाही

प्रिय ताई,
मी 31 वर्षांची आहे. नोकरी सांभाळून गाणी लिहिते, चाली लावते, गाते. अकरा महिने रात्री जागून सहा गाणी घरीच रेकॉर्ड केली आणि चार महिन्यांपूर्वी सगळी एकदम प्रसिद्ध केली. स्पॉटिफायवर सहाही मिळून 43 वेळा वाजली आहेत, त्यातली निम्मी तरी मीच लावली असतील. मित्र म्हणतात, आठवड्याला तीन रील टाक, चेहरा दाखव, लोकांशी बोल. पाच आठवडे केलं. रात्री दोनला उठून आकडे बघायला लागले. सहाव्या आठवड्यात एक नवी चाल सुचत होती आणि मनात पहिला प्रश्न आला की यातले पंधरा सेकंद कुठले कापता येतील? त्याच दिवशी अ‍ॅप काढून टाकलं. आता शांत वाटतं, पण अपराधीही वाटतं. मी गाते हे ऑफिसात कुणाला माहीत नाही. ज्या बाईंकडे नऊ वर्षं गाणं शिकले त्यांनाही अजून कळवलेलं नाही. त्यांना वाटेल, ही मिरवतेय. सोशल मीडियाशिवाय गाणी लोकांपर्यंत पोचतात का? की हे जमत नाही म्हणजे मी मुळात गायिकाच नाही?
– अबोल

प्रिय अबोल,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुझी अडचण समजून घ्यायला आणि दुसऱ्यांदा गाण्याचं नाव शोधायला. नाव सापडलं नाही. दोन पानी पत्र, गाण्यांसाठीच लिहिलेलं, आणि त्यात एकाही गाण्याचं नाव नाही, लिंक नाही, गाणी कशाबद्दल आहेत याचं एक अक्षर नाही. (इथे छापताना पत्र थोडं कापलंय, पण असलं काही कापलेलं नाही, याची शपथ घेते.) मी तानसेन नाही, पण कानसेन आहे. वाचता वाचताच लावून ऐकलं असतं गं.

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. रील करता न येणं आणि गाता न येणं यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. झालं. पुढे जाऊ.

अ‍ॅप काढलंस ते चांगलं केलंस. रात्री दोनला आकडे बघणं वाईटच, पण ती सवय मोडता येते. मला जास्त काळजी वाटली ती पंधरा सेकंदांच्या प्रश्नाची. चाल अजून पुरती सुचलेलीही नाही आणि तिचे तुकडे करायला कुणीतरी कात्री घेऊन दारात उभं आहे, असं झालं ते. काही जणांना ती कात्री चालते, काहींची गाणी तिच्यामुळे नेटकीही होतात. तुझं तसं होत नाही हे पाच आठवड्यांत कळलं, स्वस्तात सुटलीस.

पण मग त्या बाईंचं काय? त्यांना न कळवण्याचा सोशल मीडियाशी काय संबंध? त्यांना फोन करायला कुठलं खातं उघडावं लागत नाही. मला वाटतं, तू दोन गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्या आहेस. एक म्हणजे रोज अनोळखी गर्दीसमोर उभं राहून हात हलवण्याचा कंटाळा. तो तुझा स्वभाव आहे, तो खुशाल राहू दे. दुसरी म्हणजे एका ओळखीच्या माणसाकडे बघून ‘माझं गाणं ऐकशील का?’ असं विचारण्याची भीती. आणि खरं सांगू, रील त्या मानाने सोपं असतं. ते कुणी पाहिलं नाही तर अल्गोरिदमला शिव्या घालून मोकळं होता येतं. बाईंनी ऐकलं आणि त्या गप्प राहिल्या तर कुणाला शिव्या घालणार?

सोशल मीडिया तू सोडू शकतेस. हे विचारणं मात्र सोडता येणार नाही. उलट ते आता जास्त करावं लागेल.

न्यूयॉर्कमधल्या ‘दे माइट बी जायंट्स’ या बँडची गोष्ट मला फार आवडते. 1980 च्या दशकातली. बँडमध्ये तेव्हा दोघंच. एकाचं मनगट मोडलं, दुसऱ्याच्या घरी चोरी झाली, कार्यक्रम बंद पडले. मग त्यांनी फोनच्या आन्सरिंग मशीनवर आपलं गाणं भरून ठेवलं आणि तो नंबर जाहिरातीत छापला. फोन लावा, गाणं ऐका. नवं गाणं झालं की मशीनवरचं गाणं बदलायचं. हा उद्योग त्यांनी पुढे कित्येक वर्षं चालवला. मला यातली गंमत कुठे वाटते माहितीये? तिकडे ऐकणारा एकटा. कानाला फोन लावून, दुसरं काही न करता, एक माणूस एक गाणं ऐकतोय. तुझ्या 43 मध्ये असे किती असतील? चार असले तरी ते चार मोठे आहेत.

तर कामाला लाग. वीस माणसांची यादी कर. अनोळखी नकोत. बाई पहिल्या. मग पूर्वी सोबत शिकलेल्या, कधीतरी ‘सध्या गातेस का?’ असं विचारणारा तो जुना मित्र, ऑफिसातले दोघं ज्यांच्या कानात कायम इअरफोन असतात. प्रत्येकाला वेगळा मेल किंवा मेसेज, आणि गाणं एकच. सहाच्या सहा पाठवलीस तर ‘सवडीने ऐकते’ म्हणतील आणि ती सवड कधी येणार नाही. त्या माणसाला हेच गाणं का, ते एका ओळीत लिही. एकच मजकूर वीस जणांना चिकटवलास तर तो पहिल्या शब्दातच ओळखू येतो. आणि ‘वेळ मिळाला तर, नाही ऐकलंस तरी चालेल, तसं काही खास नाही’ असली माफी मागू नकोस. आपणच खास नाही म्हटल्यावर समोरच्याने का ऐकावं? वीसातून आठ उत्तरं आली तर पुष्कळ. एखादं उत्तर कोरडं येईल, लागेल ते. बाईंना मात्र फोनच कर. नऊ वर्षं शिकवलेल्या बाईंना तू गाणी केलीस हे दुसऱ्याच कुणाकडून कळलं, तर त्यांना वाईट वाटेल ते कळवलं नाहीस म्हणून, मिरवलंस म्हणून नव्हे.

अनोळखी माणसं त्यानंतर. माझा भाचा ध्वनिमुद्रणाचं काम करतो, त्याला मी तुझ्यासाठी दोन संध्याकाळी छळलं. तो म्हणाला, नवं संगीत वाजवणारे छोटे रेडिओ कार्यक्रम, पॉडकास्ट करणारे, लघुपट बनवणारे, नाचाचे वर्ग घेणारे, या लोकांना गाणी सतत लागतात आणि त्यांच्या मेलच्या पेटीत बहुतेक कचरा येतो. म्हणून मेल छोटा असावा. त्यांचा कार्यक्रम खरंच ऐकला असेल तर त्यातलं काय आवडलं ते लिहायचं, नसेल ऐकला तर आधी ऐकायचा. गाण्याची फाइल जोडायची नाही, लिंक द्यायची, आणि ती पासवर्डशिवाय उघडते का ते दुसऱ्याच्या फोनवर तपासून घ्यायचं. दहा दिवसांनी एकदाच आठवण करायची. तिसऱ्यांदा लिहिणं म्हणजे त्रास देणं. कुणी लघुपटासाठी गाणं मागितलं तर आनंदाच्या भरात तोंडी ‘हो’ म्हणू नकोस. कुठे वापरणार, किती काळासाठी, नाव कसं देणार, हे लेखी घे, पैसे घेणार नसलीस तरीही.

पुढच्या गाण्यासाठी एक गोष्ट लक्षात ठेव, कारण ती या खेपेला हुकली आहे. सहा गाणी एका रात्रीत सोडू नयेत. स्पॉटिफायच्या गाण्यांच्या याद्या (प्लेलिस्ट) बनवणाऱ्या संपादकांकडे गाणं विचारार्थ पाठवता येतं, पण ते प्रसिद्ध होण्यापूर्वीच, आणि एका वेळी एकच. ‘स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स’मध्ये, म्हणजे कलाकारांसाठीच्या त्यांच्या वेगळ्या दालनात, गाणं किमान सात दिवस आधी असं पाठवलं की तुला फॉलो करणाऱ्यांच्या ‘रिलीज रडार’ या नव्या गाण्यांच्या यादीतही ते जातं. संपादक निवडतीलच असं नाही, बहुधा नाहीच निवडणार. पण अर्ज एकदा भरायचा, त्यात फोटो नाही की नाच नाही. म्हणजे तुझ्यासारख्यांच्या सोयीचंच काम! तेव्हा डिस्ट्रिब्युटरकडे, म्हणजे गाणी स्पॉटिफायसारख्या ठिकाणी चढवून देणाऱ्या कंपनीकडे, गाणं देताना तारीख तीन-चार आठवडे पुढची ठेव. गीतकार, वादक, सगळ्यांची नावं तेव्हाच नीट भर, नंतर दुरुस्त करताना जीव जातो.

पैशाचा विषय तू काढला नाहीस, पण 43 हा आकडा बघून रडू नकोस म्हणून सांगते. 2024 पासून स्पॉटिफायवर एखादं गाणं मागच्या बारा महिन्यांत हजार वेळा वाजलं नसेल तर त्याच्या ध्वनिमुद्रणाचं मानधन मिळतच नाही. तुझं आणि तुझ्यासारख्या असंख्य लोकांचं मानधन तिथे शून्य आहे. त्यापेक्षा बँडकॅम्प बघ, कलाकार आपली गाणी थेट ऐकणाऱ्यांना विकतात ते संकेतस्थळ. 2008 पासून आहे, डिजिटल विक्रीतले 15 टक्के ते घेतात, पैसे वळते करण्याचं शुल्क वेगळं, उरलेले तुझे. शिवाय गाणं विकत घेणाऱ्याचा ईमेल तुला मिळतो, आणि मला तो पैशांहून मोलाचा वाटतो.

कारण मायस्पेस या जुन्या सोशल मीडिया संकेतस्थळाचं काय झालं ते आठव. एके काळी नवा बँड म्हटला की मायस्पेसचं पान हवंच. 2019 मध्ये कळलं की सर्व्हर बदलताना 2015 पर्यंत तिथे चढवलेलं संगीत उडालं. सुमारे 1 कोटी 40 लाख कलाकारांची 5 कोटी गाणी. आयुष्यभर इमानेइतबारे पोस्ट टाकणाऱ्यांचीही त्यात गेली. तेव्हा मूळ रेकॉर्डिंग दोन वेगवेगळ्या जागी जपून ठेव, आणि ऐकणाऱ्यांचे मेल स्वतःकडे ठेव. साधं एका पानाचं संकेतस्थळ पुरे. वर तुझं नाव, खाली एक गाणं, त्याचे शब्द, आणि ‘नवं गाणं झालं की कळवू का?’ असं विचारणारा एक रकाना. ज्यांनी होय म्हटलं त्यांनाच लिहायचं, आणि ‘नको आता’ म्हणायची सोय प्रत्येक पत्रात ठेवायची. दोन महिन्यांतून एक पत्र. चाल कुठे अडली होती, कुठली ओळ खोडली, तेवढं लिही. पत्र तुला चांगलं लिहिता येतं, ते पंधरा सेकंदांचं वाक्य वाचून मी खुर्चीत सरळ बसले होते.

यूट्यूबला घाबरू नकोस. एक स्थिर चित्र लाव, शब्द खाली दे, प्रतिक्रिया बंद कर आणि विसरून जा. लोक तिथे गाणं शोधायला येतात, त्यांना ते सापडलं म्हणजे झालं. इन्स्टाग्रामवर तुझ्या नावाचं खातं दुसऱ्या कुणी उघडू नये असं वाटत असेल तर एक उघड, ‘मी इथे नसते, मेल करा’ एवढं लिही आणि पासवर्ड मैत्रिणीकडे ठेव.

आणि कुणी ‘दहा हजार स्ट्रीम हमखास’ म्हणत पैसे मागायला आला तर उत्तरही देऊ नकोस. असली खोटी वाजवणी पकडली गेली की स्पॉटिफाय डिस्ट्रिब्युटरकडून दंड घेतं, आणि गाणं खाली उतरतं ते तुझं.

या सगळ्याला वेळ लागेल. रील करणारी तुझी एखादी मैत्रीण वर्षभरात तुझ्या कितीतरी पुढे गेलेली दिसेल आणि तुझ्या यादीत साठ नावं असतील. तेव्हा पोटात दुखेल. दुखू दे, ते दुखणं लपवायला पुन्हा अ‍ॅप घेऊ नकोस. मात्र त्या साठ जणांना एकदा प्रत्यक्ष गाऊन दाखव. कुणाच्या तरी घरी, माइकशिवाय, दहा-पंधरा माणसं. पहिल्या खेपेला आवाज कापेल.

बाईंना फोन या रविवारी. त्याआधी सरावासाठी मला मेल कर. नमस्कार-चमत्कार नको, सहातलं तुझं सगळ्यात लाडकं गाणं, त्याचं नाव आणि लिंक. खाली सहीत ‘अबोल’ लिहू नकोस, गाण्यावर जे नाव घातलंयस ते लिही.

– ताई