ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलवर बाइक दोन महिने उभी होती. कार्ब्युरेटरमध्ये पांढरा-हिरवा थर का साचला?

इथेनॉल हवेतली ओल ओढतं. पाणी वाढलं की पाणी-इथेनॉलचं मिश्रण पेट्रोलपासून सुटून फ्लोट बाउलच्या (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या वाटीच्या) तळाशी बसतं. पांढरी पूड म्हणजे कार्ब्युरेटरची गंजलेली बॉडी, हिरवट डाग पितळी जेटचे (पेट्रोल मापून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या नळ्यांचे). शिवाय इथेनॉल टाकीतला जुना चिकटा सोडवतं. तो फिल्टरमध्ये अडकतो.

आधी बाउलचा ड्रेन स्क्रू सोडून सगळं काढा. पायलट जेटचं (मंद गतीवर पेट्रोल देणाऱ्या जेटचं) भोक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं, तेच आधी तुंबतं. मग गाडी चोकवरच चालते. जेट कार्ब क्लीनरमध्ये भिजवून हवेने फुंका. तार घालू नका (मेकॅनिक हमखास घालतात!), भोक मोठं होऊन मिश्रण बिघडतं.

पुढे महिनाभर उभी ठेवायची तर टाकी काठोकाठ भरा, पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.