शत्रूचं विमान खरंच एवढं भारी असतं का?

प्रश्न : भाऊ, इथं टपरीवर रोज ऐकतो, शेजाऱ्याकडं नवं विमान आलं, आता आपलं काही खरं नाही. किती मानायचं? – एक वाचक, वरणगाव

उत्तर : दादा, फोटो अन् टॉप स्पीडवर जाऊ नका, रडार, मिसाईल, रेंज, मेन्टेनन्स अन् पायलटचा सराव बघा. सोव्हिएत रशियाच्या मिग-25 या लढाऊ विमानाचंच घ्या ना, 1967 ला मॉस्कोजवळच्या एअर शोमध्ये दिसलं, भलेमोठे पंख, दांडगी इंजिनं, अमेरिकेला वाटलं हे पळणार पण जोरात अन् गिरक्या पण घेणार, त्या धास्तीचा त्यांच्या एफ-15 या लढाऊ विमानाच्या डिझाइनवर चांगलाच परिणाम झाला. मग 6 सप्टेंबर 1976 ला सोव्हिएत पायलट व्हिक्टर बेलेन्को देश सोडून पळाला, ते घेऊन थेट जपानच्या हाकोदातेला उतरला, अमेरिकेनं उघडून बघितलं तर बॉडी बहुतेक स्टीलची, रडारमध्ये व्हॅक्यूम ट्यूब, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तसल्या काचेच्या नळ्या! पंख मोठे होते ते वजन पेलायला, गिरक्यांसाठी नाही. मॅक 3 च्या, म्हणजे आवाजाच्या तिप्पट वेगाच्या, वर नेलं की इंजिन खराब व्हायचं.

पण भंगारही समजू नका हं, उंचावरून वेगात फोटो काढायला ते जबरदस्त होतं, आपल्या हवाई दलानं बरेलीहून 2006 पर्यंत ते उडवलं.