ती खोली अडगळीची नाहीये

पत्र:

मावशी नमस्कार. सोलापुरात साखर पेठेत आमचं वडिलांनी स्वतः बांधलेलं घर आहे, खाली तीन खोल्या, वर माडी, मागं पत्र्याचं शेड, त्यात पूर्वी माग चालायचे. वडील जाऊन चार वर्षं झाली, मृत्युपत्र वगैरे काही केलं नव्हतं. मी पुण्यात नोकरीला, आई माझ्याकडेच असते. घर दोन वर्षांपासून विकायला काढलंय, साठ लाख सांगतोय. दोन एजंट बदलले, सगळ्या घराला रंग दिला, बोअरची मोटर नवीन बसवली, दरवाजा दक्षिणेला आहे म्हणून वास्तूवाल्याला बोलावून उपाय पण केले. गिऱ्हाईक येतं, बघतं, आवडलं म्हणतं आणि नंतर फोन उचलत नाही. आमच्याच गल्लीतली दोन घरं याच काळात गेली, त्यातलं एक तर आमच्यापेक्षा लहान. परवा एक सुताचे व्यापारी तीनदा येऊन गेले, बायकोला पण आणलं, इसार द्यायचं बोलणं झालं आणि मग गप्पच. मी सगळं घर नीट दाखवतो, फक्त माडीवरची मागची खोली बंद असते, ताई नवऱ्याकडून परत आल्यावर ती वापरायची, वडील गेल्यावर घरात जरा वाजलं आणि ती गावातच विडी घरकुल वसाहतीत भाड्यानं राहायला गेली, सामान आणि किल्ली तिचीच आहे. कुणी विचारलं तर अडगळीची खोली म्हणून सांगतो. टॅक्सची पावती माझ्या नावावर येते, ताईच्या सहीचं काही नाही, ती कधीपण देईल. आई बिचारी काळजीनं झोपत नाही. मावशी, दहा लाख कमी करून मोकळा होऊ का? का घरालाच काही दोष आहे?

— एक कंटाळलेला मुलगा, हडपसर


अरे, मोटर, रंग, वास्तू, एजंट यांच्यावर तू एवढं लिहिलंस आणि ताईला एका वाक्यात बसवलंस. मला त्याच वाक्याबद्दल बोलायचंय, बाकीचं पटकन उरकते.

दक्षिणेचा दरवाजा सोडून दे. तुमच्या बाजूच्या सगळ्या घरांची दारं दक्षिणेलाच उघडत असणार, आणि त्यातलीच दोन घरं गेली की नाही? पाण्याचं म्हणशील तर सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं हे घर घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं, उलट तुझ्याकडे बोअर आहे ही जमेची बाजू. लोक जुळे सोलापूर, विजापूर रोडच्या नव्या वस्त्यांकडे पळतायत हे पण खरंय, पण साखर पेठेत घर बघायला येणाऱ्या माणसाला साखर पेठच हवी असते, त्याचा धंदा, नातेवाईक, देऊळ, सगळं शहराच्या याच पूर्व भागात असतं, त्याला गल्ली अरुंद आहे हे तू सांगायची गरज नाही. भावाचं म्हणशील तर लहान घर विकलं गेलं असं तूच लिहितोस. म्हणजे गल्लीत दोष नाही, घरात दोष नाही, भाव पण फार चुकलेला दिसत नाही.

आता जरा त्या व्यापाऱ्याच्या बायकोबरोबर जिना चढ. बाई घर बघते तेव्हा ती भिंती बघत नाही, कपाट कुठं बसेल, सासूला कुठली खोली, पाहुणे आले तर झोपतील कुठं, हे बघत असते, आणि खोल्या मोजत असते. ती माडीवर येते, सगळीकडे नवा रंग, आणि मागं एक दार बंद, त्याला कुलूप, आणि ती विचारते ही खोली कुणाची. तू म्हणतोस अडगळीची. मग ती म्हणणार, असू दे की, उघडून दाखवा, केवढी आहे ते तर बघू. आणि तुझ्याकडे किल्ली नाही! स्वतःच्या घरातल्या अडगळीची किल्ली मालकाकडे नाही, हे ऐकल्यावर ती बाई पुढे एक शब्द बोलली नसेल, जिना उतरताना नवऱ्याकडे फक्त बघितलं असेल, आणि साठ लाखांचा व्यवहार तिथंच मोडला असेल.

आणि मोडला नसला तरी संध्याकाळी तो माणूस परत एकटा आला असणार, तुला न सांगता. पेठेत घर असंच घेतलं जातं बाबा. कोपऱ्यावर चहा घ्यायचा, मराठीत नाहीतर तेलुगूत विचारायचं की ते घर कुणाचं, किती भाऊ, बहिणी किती, वरची खोली कुणाची. ताई नवऱ्याकडून आली ती त्या गल्लीनं बघितलंय, तुमचं वाजलं ते ऐकलंय, ती सामान तसंच ठेवून गेली तेही बघितलंय. त्याला पाच मिनिटांत सगळं कळलं असेल, आणि सगळ्यात वाईट म्हणजे हेही कळलं असेल की तू त्याच्याशी खोटं बोललास. जो माणूस एका खोलीबद्दल खोटं बोलतो तो कागदांबद्दल काय काय लपवत असेल, असं त्याला वाटलं तर त्यात त्याचं काय चुकलं?

बरं, कागदांचंच बोलू, कारण तिथं तुझा मोठा गैरसमज आहे आणि तो तुझ्या एकट्याचा नाही, अर्ध्या सोलापूरचा आहे. टॅक्सची पावती तुझ्या नावावर येते म्हणजे तू कॉर्पोरेशनचा टॅक्स भरतोस एवढंच, त्यानं घर तुझं होत नाही. घर वडिलांनी स्वतः बांधलं, मृत्युपत्र केलं नाही, म्हणजे हिंदू वारसा कायद्यानं आई, तू आणि ताई, तिघांचा सारखा वाटा. आणि हे २००५ च्या दुरुस्तीनं आलेलं नाही, ती दुरुस्ती वाडवडिलार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलींना मुलासारखा जन्मानं हक्क देणारी. वडिलांच्या स्वतःच्या कमाईच्या मिळकतीत मुलीचा वाटा १९५६ पासून आहे, तुझ्या वडिलांनी पाया खणला तेव्हाही तो होताच. फक्त राहत्या घराची वाटणी मुलीनं मागायला तेव्हा आडकाठी होती, भावांनी वाटणी करायचं ठरवेपर्यंत तिनं थांबायचं. पण त्या जुन्या कायद्यानं सुद्धा नवऱ्यानं टाकलेल्या किंवा नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या मुलीला बापाच्या घरात राहायचा हक्क दिला होता रे, आणि २००५ ला ती वाटणीची आडकाठी पण काढून टाकली. म्हणजे ती खोलीच काय, त्या घराच्या प्रत्येक विटेत ताईचा तिसरा हिस्सा आहे.

व्यापाऱ्याला बँकेचं कर्ज लागलं तर बँकेचा वकील साधारण तीस वर्षांच्या जुन्या व्यवहारांचा सर्च काढतो, सिटी सर्व्हेचा उतारा बघतो, मूळ मालक वारला म्हटल्यावर वारस किती ते विचारतो, आणि सगळ्या वारसांच्या सह्या असल्याशिवाय फाईल पुढं सरकत नाही. कर्ज नको असलं तरी शहाणा वकील पेपरात जाहीर नोटीस देणारच, हरकत असेल तर इतक्या दिवसांत कळवा म्हणून. खरेदीखताला रजिस्टर ऑफिसात तुझ्याबरोबर आई आणि ताई दोघींना फोटो काढायला आणि अंगठा द्यायला बसावं लागेल. हे सगळं तुझ्या दोन्ही एजंटांना माहीत असणार, त्यांनी तुला स्पष्ट सांगितलं नाही याचा मला राग येतो, पण त्याहून जास्त राग तुझ्या त्या शब्दांचा येतो, "ती कधीपण देईल". तू विचारलंयस का तिला? पत्रात तसं कुठंच नाहीये. दोन वर्षं घर बाजारात आहे, अनोळखी माणसं तिच्या दारापर्यंत जाऊन परत आली, आणि घर विकायचं का हे तिला कुणी विचारलेलं दिसत नाही.

आणि ती लातूरला नाही, मुंबईला नाही, विडी घरकुलला आहे! तू शनिवारी संध्याकाळी पुण्याहून हुतात्मा एक्सप्रेस पकडून येत असशील, रविवारी गिऱ्हाईकाला घर दाखवून सोमवारी पहाटेच्या हुतात्मानं परत जात असशील, या मधल्या वेळात एखाद्या रिक्षानं तिच्याकडे गेलास का कधी? वडिलांचं एवढं घर रिकामं पडलंय आणि त्या घराची मुलगी त्याच गावात महिन्याच्या महिन्याला भाडं भरतेय. हे लिहिताना मला खरंच फार वाईट वाटतंय, आणि तू ते पत्त्यासारखं सहज लिहून पुढं गेलास.

आता ते दहा लाख. ज्याचं नाव पण तुला धड माहीत नाही अशा माणसाला तू दहा लाख सोडायला तयार आहेस. ताईचा तिसरा हिस्सा साठ लाखांवर वीस लाख होतो, तो आकडा पत्रात कुठंच नाही. आणि भाव पाडून काय होईल ते पण ऐकून ठेव, सरळ गिऱ्हाईक तरी येणारच नाही, कारण त्याची अडचण पैशाची नव्हतीच. येईल तो वादातली घरंच शोधत फिरणारा, त्याला कुलूप दिसलं की बरंच वाटतं, तो पन्नासचे चाळीस करेल, थोडा इसार टेकवेल, बहिणीचं मी बघतो म्हणेल. तो काय बघणार आहे ते तुला नको कळायला. अशा माणसाला ताईच्या दारात पाठवायची वेळ आणू नकोस.

कुणीतरी तुला ताईकडून हक्कसोड, म्हणजे वाटा सोडल्याचा कागद, करून घे असंही सांगेल, सांगितलं पण असेल. राखीपौर्णिमेला साडी द्यायची आणि रजिस्टर ऑफिसात सही घ्यायची, ही आपल्याकडची जुनी रीत, आणि बहिणी देतात पण, माहेर तुटायला नको म्हणून देतात. तुझ्या ताईचं माहेर म्हणजे ती एक खोली आहे. तिच्यासमोर हक्कसोडचा विषय काढायचाच नाही. तिनं स्वतःहून काढला तरी तिला सांगायचं की आधी तुझ्या ओळखीच्या वकिलाला विचार.

आईबद्दल तू बिचारी लिहिलंस. मी नाही म्हणणार. मुलगी नवऱ्याचं घर सोडून आली तेव्हा तिला खोली मिळाली, तुझे वडील गेल्यावर घरात वाजलं आणि मुलगी बाहेर पडली, तेव्हा आई घरातच होती ना? आज त्या घराचा तिसरा हिस्सा आईचा आहे, ती एक शब्द बोलली असती तरी ताईला कुणी बाहेर जाऊ दिलं नसतं. तिला झोप येत नसेल तर ती गिऱ्हाईकाच्या काळजीनं नसेल, तिला विचारून बघ.

तर काय करायचं, एकच. येत्या शनिवारी हुतात्माची दोन तिकिटं काढ, तुझं आणि आईचं. रविवारी घर दाखवायचं नाही, एजंटला आजच कळव. सकाळी विडी घरकुलला जायचं, बरोबर वकील नको, कागद नको, बायकोचा भाऊ वगैरे मध्यस्थ तर अजिबात नको. जाऊन बसायचं, चहा घ्यायचा, आणि आकडा तू स्वतः तोंडानं सांगायचा: ताई, घर साठला जाईल, वीस तुझे, वीस आईचे, वीस माझे, तुझे पैसे गिऱ्हाईकाकडून थेट तुझ्या खात्यावर येतील. आणि मग विचारायचं की तुला विकायचंय का. विचारून झालं की गप्प बसायचं, कितीही वेळ लागला तरी. ती बोलेल, रडेल, चार वर्षांचं सगळं काढेल, तुझ्याबद्दल पण काढेल, ते ऐकून घ्यायचं. मध्येच "पण ताई" करायचं नाही. आईनं रडायला सुरुवात केली तर आईची समजूत काढत बसू नकोस, त्या दिवशी ऐकायची पाळी ताईची आहे.

ती म्हणाली मला विकायचं नाही, मला तिथं राहायचंय, तर घर विकायचं नाही. तुझं पुण्यात बस्तान आहे, तुला घाई कसली आहे ते मला पत्रातून कळलं नाही आणि तुझी घाई तिच्या छपरापेक्षा मोठी असेल असं मला वाटत नाही. भाड्याच्या खोलीतून ती परत माडीवर आली तर त्या घरात दिवा तरी लागेल, आणि तुझ्या हिश्श्याचं पुढं काय करायचं ते तुम्ही तिघं निवांत बसून ठरवा.

आणि ती हो म्हणाली तर खोली तिनंच उघडायची. तिला हवं तेव्हा, ती म्हणेल ते सामान ती म्हणेल तिथं पोचवून द्यायचं, टेम्पोचे पैसे तू द्यायचे. सिटी सर्व्हेला तिघांच्या नावानं वारस नोंदीचा अर्ज टाक, उतारा तिघांच्या नावाचा हातात आला की मग त्या सुताच्या व्यापाऱ्याला तू स्वतः फोन कर, एजंटकरवी नको. सांग की तुम्हाला ती खोली अडगळीची म्हणून सांगितली ते चुकीचं होतं, ती माझ्या बहिणीची आहे, ती सहीला येणार आहे, आणि परत बघायला आलात तर घर तीच दाखवेल.

— मावशी