हलकी ई-माउंटन बाइक घेताना

ई-माउंटन बाइक म्हणजे डोंगरवाटांवर चालवायची, पेडल मारताना मोटरची साथ देणारी सायकल. ती घेताना वजनाच्या आकड्याला भुलू नका, आधी मोटर बघा. फुल पॉवर, म्हणजे पूर्ण ताकदीच्या बाइकची मोटर साधारण 85 न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) देते, पण बाइक 22 ते 25 किलोंच्या घरात जाते. हलक्या वर्गात टीक्यू कंपनीची एचपीआर 50 मोटर 50 न्यूटन-मीटरची, बॉश कंपनीची एसएक्स 55 ची, आणि बाइक बहुधा 16 ते 20 किलोंची. म्हणजे चढावर पायांना सुट्टी नाही, हे मनाशी पक्कं करा. एसएक्सचा खरा जोर तर पेडल भरभर फिरवल्यावरच मिळतो. जड गिअर टाकून रेटत बसलात तर ती मलूल वाटेल.

म्हणून टेस्ट राइड सपाट रस्त्यावर घेऊ नका. दगडगोट्यांच्या खड्या चढावर न्या, थोडा वेळ मोटर बंद करूनही चालवा. मग उतारावर झाडाच्या मुळांवरून पुढचं चाक उचलून काढा, लगेच वळवा. हलक्या बाइकचं सुख तिथेच कळतं, ती तुमचं ऐकते!

बॅटरीत किती वीज मावते ते वॉट-अवरमध्ये मोजतात: टीक्यूची बॅटरी 360 वॉट-अवरची, एसएक्सची 400 ची. रेंज किलोमीटरमध्ये विचारू नका, किती मीटर चढाई होते ते विचारा. वजन कमी दिसावं म्हणून काही बाइकवर पातळ टायर येतात; टोकदार दगडावर टायरची बाजू चिरते. जाड केसिंगचे (आवरणाचे) टायर आणि चार पिस्टनचे ब्रेक घ्याच, किलोभर वाढलं तरी चालेल. आणि सोबतचे सगळे फुल पॉवरवाले असतील, तर चढावर तुम्ही मागे पडाल; मग मी तुम्हाला हलकी घ्या म्हणणार नाही.