तास कमी म्हणून भुलू नका

प्रश्न : मी ह्यूस्टनच्या दक्षिणेला, समुद्रापासून अर्ध्या तासावर राहतो. मागच्या वर्षी प्रायव्हेट पायलटचं लायसन्स मिळालं. आत्तापर्यंत ११५ तास झालेत, सगळे भाड्याच्या सेस्ना १७२ या चार सीटच्या छोट्या विमानावर. आता स्वतःचं विमान घ्यायचं मनात आहे. १९७८ चं एक १७२एन पाहिलंय. इंजिनाचं ओव्हरहॉल (पूर्ण उघडून, झिजलेले भाग बदलून पुन्हा जोडणं) २००४ मध्ये झालेलं, त्यानंतर फक्त ६४० तास. मालक ८५ हजार डॉलर मागतोय. कधी वाटतं, कर्ज काढून सरळ नवंच घ्यावं. सांगलीहून बाबा म्हणतात, ‘जुनी गाडी म्हणजे दुसऱ्याचं दुखणं विकत घेणं.’ घरी बायको आणि ९ व ६ वर्षांची दोन मुलं. काय करावं?
– एक वाचक, टेक्सास

उत्तर : बाबांचं म्हणणं मोटारीच्या बाबतीत खरं आहे, विमानाच्या बाबतीत अर्धंच. इथे दर बारा महिन्यांनी ‘अ‍ॅन्युअल’ तपासणी झाल्याशिवाय विमान उडवता येत नाही. पत्रे, केबल, चाकं, सगळं उघडून बघावं लागतं आणि बघणाऱ्याला सही करावी लागते. म्हणून सत्तरच्या दशकातली १७२ आजही ठणठणीत उडताहेत. पण उरलेलं अर्धं दुखणं इंजिनात असतं. तुमच्या पत्रातल्या ‘फक्त ६४० तास’ या शब्दांशी मी थबकलो तो त्यामुळेच.

मी स्वतः विमानांचा मेकॅनिक. तरीही एकदा फसलो, ते सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मित्राबरोबर भागीत असंच जुनं १७२ घेतलं. ओव्हरहॉलनंतर जेमतेम पाचशे तास झालेले, रंग झकास. विमान दुसऱ्या राज्यात होतं, डिसेंबरातला बर्फ पडत होता, म्हणून तपासणी विकणाऱ्याच्याच मेकॅनिककडून करून घेतली. आठ महिन्यांनी तेल बदलताना नेहमीप्रमाणे फिल्टरचा डबा कटरने कापला, आतल्या कागदाच्या घड्या उलगडून उन्हात धरल्या. घडीघडीत चकाकी, काजूकतलीवरच्या वर्खासारखी. लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यावरून फिरवला, तर वर्ख टपाटप चिकटला. म्हणजे पोलाद. म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा, कॅमशाफ्ट, गेला. विमान पाच महिने जमिनीवर, आणि विमानाच्या किमतीच्या निम्मा पैसा इंजिनात.

कारण साधं आहे. लायकॉमिंग कंपनीच्या या इंजिनांत कॅमशाफ्ट हा क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, वर असतो. विमान उभं राहिलं की त्यावरचं तेल निथळून खाली जातं, आणि दमट हवेत उघडा पडलेला कॅम गंजू लागतो. पुन्हा सुरू केलं की तो गंज टॅपेटला (कॅमवर टेकून झडप ढकलणाऱ्या भागाला) खरवडतो. आमच्या विमानाचे तास कमी होते, कारण ते उडतच नव्हतं! लायकॉमिंग तुमच्या इंजिनाला पुढच्या ओव्हरहॉलसाठी २००० तास किंवा बारा वर्षं सांगते. खासगी मालकावर ते बंधन नाही हे खरं, पण २००४ पासूनची बारा वर्षं कधीच सरली. शिवाय १७२एन मध्ये येतं ते एच२एडी जातीचं इंजिन, कॅम आणि टॅपेटच्या झिजेसाठी आमच्या धंद्यात नाव कमावलेलं. त्याच्या तेलात लायकॉमिंगचं खास अ‍ॅडिटिव्ह घालणं एफएएने, म्हणजे अमेरिकेच्या विमानवाहतूक खात्याने, बंधनकारक केलंय. लॉगबुकात दर तेलबदलीला त्याची नोंद आहे का ते बघा.

तेव्हा मालकाला विचारा, गेल्या पाच वर्षांत दरवर्षी किती तास उडालं? दोन वर्षांत पंधरा तास असं उत्तर आलं, तर इंजिनाची किंमत शून्य धरून बोली लावा. महिन्यातून तीन-चारदा उडणारं १६०० तासांचं इंजिन मला तुमच्या ६४० पेक्षा जास्त आवडेल. तुमच्याकडे खारी हवा, म्हणून पंखांच्या आणि शेपटीच्या आत आरसा-बॅटरी घालून गंज बघायला सांगा. पुढच्या सीटचे रूळही. ते झिजून पिन सुटली तर टेकऑफच्या वेळी सीट मागे घसरते, आणि घाबरलेला माणूस विमानाचं नाक वर-खाली करणारं हातातलं चाक (योक) धरूनच मागे जातो. विमानाची जुनी कागदपत्रं ओक्लाहोमा सिटीतल्या एफएएच्या नोंदणी कार्यालयातून मागवता येतात. मालकी स्वच्छ आहे का, कुणाचं कर्ज चढलंय का, मोठी दुरुस्ती कधी झाली, ते तिथे कळतं.

आता नव्याचं. नवं १७२ चार लाख डॉलरच्या वर जातं. कर्जाचे हप्ते वेगळे, आणि विमा विमानाच्या किमतीच्या हिशेबाने. पेट्रोल मात्र जुन्या-नव्याला जवळजवळ सारखंच, तासाला आठ-नऊ गॅलन. नव्यात डोळे दिपवणारे कॉम्प्युटरचे पडदे आहेत, ऑटोपायलट आहे. पण टाकी मोठी असल्याने ती काठोकाठ भरलीत तर माणसं-सामानासाठी बहुधा जुन्यापेक्षा कमीच वजन उरतं, साधारण साडेपाचशे पौंड. चार सीट म्हणजे चार मोठी माणसं नव्हेत. मुलं लहान आहेत तोवर ठीक. फ्लाइंग स्कूलला रोज लागणारं विमान असेल तर नवं परवडतं. शनिवारी सकाळी गॅल्व्हेस्टनला नाश्त्याला जाणाऱ्याने चार लाख अडकवणं मला पटत नाही.

तुमच्या पत्रात न आलेला एक तिसरा रस्ता आहे. नुकसानभरपाईच्या दाव्यांना कंटाळून सेस्नाने १९८६ मध्ये १७२ बनवणं थांबवलं. १९९४ च्या कायद्याने अठरा वर्षांहून जुन्या छोट्या विमानांबद्दलच्या दाव्यांतून कंपन्यांची सुटका केली, मग कॅन्सासमध्ये नवा कारखाना उघडून १९९६ पासून पुन्हा सुरुवात झाली. म्हणून बाजारात दहा वर्षांचा खड्डा दिसतो. खड्ड्याच्या अलीकडची, म्हणजे १९९७ ते २००४ मधली १७२आर किंवा १७२एस बघा. इंजिन फ्युएल इंजेक्शनचं, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरण्याची कटकट नाही, आणि आतल्या पत्र्याला कारखान्यातच गंजरोधक लेप. तुमच्या खाऱ्या हवेत हा लेप मला त्या पडद्यांपेक्षा मोलाचा वाटतो. १९७८ च्या विमानापेक्षा पुष्कळ महाग, नव्याच्या मानाने बरंच स्वस्त.

पण आधी तुमच्या उड्डाणांच्या वहीत बघा, वर्षाला किती तास उडता? साठ-सत्तरच्या आत असाल तर हँगर, विमा आणि अ‍ॅन्युअल यांचा खर्च तुमच्या भाड्याला सहज मागे टाकेल. मग आणखी एक वर्ष भाड्याने उडवा, किंवा भागीदार शोधा. दोघे असले की विमान उभंही कमी राहतं.

आणि १९७८ चंच घ्यायचं ठरलं, तर त्या विमानाला आजवर हात न लावलेला मेकॅनिक स्वतःच्या पैशाने न्या. सिलिंडर काढून कॅम बघायला मालक नाही म्हणेल, तर तेलाचा फिल्टर तरी तुमच्या डोळ्यांदेखत कापायला लावा. खिशात एक लोहचुंबक ठेवा. मालक म्हणाला, ‘माझा माणूस बघून देतो की, कशाला खर्च करता?’ तर त्याच्याकडची कॉफी प्या आणि घरी या.