गालातला पांढरा चट्टा: बायोप्सी करावी की थांबावं?

तुमचा प्रश्न असा: बाबा 61 वर्षांचे, तीस वर्षं तंबाखू-सुपारी. गालाच्या आत पांढरा चट्टा, दुखत नाही. डॉक्टर ल्युकोप्लाकिया म्हणाले, म्हणजे घासून न निघणारा, पुढे कधी कॅन्सर होऊ शकणारा पांढरा चट्टा. बायोप्सी, म्हणजे छोटा तुकडा काढून तपासणं, सांगितली. बाबा म्हणतात, सुरी लागली की कॅन्सर पसरतो.

करून घ्या. आणि ‘चवथ (गणेश चतुर्थी) होऊ दे, मग बघू’ असं करू नका. मी तेच केलं होतं.

मी डॉक्टर नाही. गोव्यात सत्तरी तालुक्यात आमचं कुळागर, म्हणजे सुपारीची बाग आहे, त्यामुळे सुपारी घरचीच आणि जेवणानंतर तंबाखू-चुन्याचं पान ठरलेलं. सात वर्षांपूर्वी डाव्या गालात, दाढेसमोर चार आण्याएवढा चट्टा आला. दुखत नव्हता, म्हणूनच पाच महिने गेले. पहिल्यांदा ज्यांना दाखवलं त्यांनी बुरशीचं औषध दिलं. बुरशीचा पांढरा थर पुसला तर बहुधा निघतो. माझा घासूनही निघत नव्हता. याला अर्थ असतो हे तेव्हा कुठे ठाऊक होतं!

शेवटी बांबोळीला डेंटल कॉलेजात गेलो. जागा बधिर करून डाळीएवढा तुकडा काढला, दोन टाके घातले. त्याच दिवशी बसने घरी आलो. बाबा रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील तर ती स्वतःहून बंद करू नका, पण आधी सांगा. तुकडा काढल्याने कॅन्सर होत नाही की पसरत नाही. वरून सारखेच दिसणारे दोन चट्टे आतून अगदी वेगळे असू शकतात, ते तपासल्याशिवाय कळत नाही.

माझ्या रिपोर्टात ‘मध्यम डिस्प्लेसिया’ असं आलं. डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं. तोंडाच्या अस्तरात नव्या पेशी तळाशी जन्मतात आणि वर सरकता सरकता चपट्या होतात. तंबाखू-सुपारीच्या माऱ्याने हा क्रम बिघडतो, तोच डिस्प्लेसिया. बिघाड खालच्या एक तृतीयांश जाडीत असेल तर सौम्य, मधल्या भागापर्यंत गेला तर मध्यम, त्याहून वर चढला तर तीव्र. अस्तराच्या तळाशी एक पातळ पडदा असतो. तो ओलांडून पेशी खाली उतरल्या की तो कॅन्सर. मला हे बागेच्या भाषेत कळलं: पाणी अजून बांधाच्या आत होतं.

सौम्य असेल तर बऱ्याचदा व्यसन बंद करून, टोचणारी दाढ घासून लक्ष ठेवतात. माझा चट्टा लेझरने काढला. आठवडाभर पेज गार करून प्यायलो, लोणचं बंद. चट्ट्यात लाल भाग असेल, किंवा तो जिभेच्या कडेला वा जिभेखाली असेल, तर जास्त घाई करा. लायकोपीन (टोमॅटोतलं लाल रंगद्रव्य), अ जीवनसत्त्व यांच्या गोळ्या देतात, त्यांनी चट्टा कधी लहानही होतो. पण त्यामुळे कॅन्सर टळतो असा भरवशाचा पुरावा नाही. गोळ्यांवर बायोप्सी टाळू नका.

बाबा आता सौदा करतील: तंबाखू सोडतो, सुपारी राहू दे. मीही केला. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात नुसती सुपारीही कर्करोगकारक ठरवली आहे. सुपारी विकून घर चालवणाऱ्याला हे पचायला जड गेलं, खोटं कशाला सांगू. बाबांना तोंड उघडायला सांगा. तीन बोटं उभी आत जात नसतील किंवा तिखट झोंबत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. सुपारीने गाल आतून आवळत जातात, तो वेगळा आजार आहे आणि त्यातूनही कॅन्सर होऊ शकतो.

चट्टा काढला म्हणजे सुटलो असं नाही. माझा दोन वर्षांनी शेजारीच पुन्हा उगवला, लहान होता, तोही काढला. अजून दर सहा महिन्यांनी जातो. जुना रिपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घालून न्यायचा, नाहीतर नवीन डॉक्टर पहिल्यापासून विचारतात.